जुनी चावी लागता कामा नये

चावी हरवली, असं माझ्या दुकानात येऊन कुणी कबूल करत नाही. चावी कुणीतरी उचललेली असते, मुलांनी कुठंतरी टाकलेली असते, नाहीतर ठेवल्या जागेवरून ती आपली आपण निघून गेलेली असते. कुलूप बिघडलेलं असेल तर ते कालपर्यंत अगदी छान चालत होतं. आत केसातली पिन मोडलेली मला स्वच्छ दिसत असते, आणि गिऱ्हाईक सांगतं, ‘काही केलं नाही हो, नुसती चावी घातली.’ मी वाद घालत नाही. मामाकडे हा धंदा शिकत होते तेव्हा घालायचे. मामा म्हणायचा, ‘अगं, कुलूप दुरुस्त कर. माणसं दुरुस्त करायचं दुकान हे नव्हे.’

पण त्या दिवशी एकाच गाडीसाठी दोन माणसं मला चार गोष्टी सांगून गेली आणि चारही मनापासून. संध्याकाळपर्यंत माझं डोकं असं भणभणलं होतं की शेजारच्या शिंप्यानं चहा घेणार का विचारलं, तर मी त्याला म्हटलं, ‘जुना की नवा?’

गाडी मास्तरांची होती. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंगचे मास्तर. आमच्या भागात ज्याला ज्याला गाडी येते, त्याच्या पायाला क्लच कुठे सुटतो हे मास्तरांनी शिकवलेलं. मीही त्यांच्याकडेच शिकले. ते प्रत्येकाला एक नाव ठेवायचे. कुणी ‘खांब’, कुणी ‘झोप’, कुणी ‘देवाघरी’. मी ‘घाई’. एवढी वर्षं झाली तरी रस्त्यात भेटले की हाक तीच. काही वर्षांपूर्वी त्यांनी शिकवणी बंद केली, टपावरची पाटी काढली, बाजूच्या सीटखालचा जादा ब्रेकही काढून टाकला, पण गाडी ठेवली.

ती राखाडी गाडी गल्लीत वळली की दिसायच्या आधी ऐकू यायची. इंजिन नव्हे, काकू. मास्तरांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणतो. गाडीत बसल्या की त्यांचं तोंड सुरू व्हायचं ते उतरेपर्यंत. त्या दिवशीही तेच.

“डावीकडे घ्या, डावीकडे, खांब आहे. अहो, खांब! हां. आता सरळ. पुढे कुत्रं झोपलंय, उठायचं नाही ते, वळसा घ्या. बस, बस, बस. चावीवालीचं दुकान आलं. थांबा म्हणतेय ना.”

“रेडिओ आला,” शिंपी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला.

मास्तर उतरले, दोन बोटांत चावी धरून त्यांनी ती मला दाखवली. मी बघतच राहिले. चावी त्यांच्या हातात आणि गाडी मागे घरघरत सुरूच.

“असं आहे,” मास्तर म्हणाले. “सुरू करायला पाव तास खटपट, आणि एकदा झाली की चावी काढली तरी बंद व्हायचा पत्ता नाही.”

जरा विचार केल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही. इतकी वर्षं शिकाऊ हातांनी त्या लॉकला पिळून काढलं होतं. त्यातले दोन हात माझेही. गाडीच्या लॉकमध्ये पितळेच्या बारीक चपट्या पट्ट्या असतात. चावीच्या दात्यांवर त्या वरखाली होतात, सगळ्या एका पातळीत आल्या की लॉक फिरतं. घासून घासून पट्ट्याही झिजतात आणि दातेही. मग झिजलेली चावी आणि झिजलेलं लॉक एकमेकांना कसंबसं सांभाळून घेतात, आणि एक दिवस तेही जमेनासं होतं.

“हे दुरुस्त होणार नाही,” मी म्हटलं. “नवं बसवावं लागेल. त्याच्या पट्ट्या तुमच्या या चावीप्रमाणे लावून देते, म्हणजे चावी हीच राहील. नाहीतर मूळ मापाची कोरी चावी कापते आणि लॉक तिच्याप्रमाणे लावते. ती जास्त टिकेल, दारालाही लागेल. मग ही जुनी नुसती दार उघडेल, गाडी सुरू करणार नाही. काय करू?”

“हीच चावी,” मास्तर म्हणाले.

“नवी,” काकू म्हणाल्या.

दोघं एकदमच बोलले. मग जे सुरू झालं ते बघायला शिंपी मशीन थांबवून दारात आला. मास्तर म्हणाले, या वयात मला नवी चावी नको, ही हाताला माहीत आहे. काकू म्हणाल्या, हाताला माहीत असलेल्या सगळ्याच वस्तू घरात ठेवल्या तर माणसांनी राहायचं कुठं? मास्तर म्हणाले, गाडी माझी आहे. काकू म्हणाल्या, शेजारी मी बसते. शेवटी मास्तरांनी चावी माझ्या बाकावर आपटली. “हीच लागली पाहिजे, घाई. ऐकलंस ना?” आणि काकूंनी त्यांच्या पाठीमागून मला मानेनं ‘नाही’ अशी खूण केली. मग समोरच्या बागेत बसतो, काम झालं की हाक मार, असं म्हणून दोघं हातात हात घालून रस्ता ओलांडून गेली. एवढं भांडून हातात हात. मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं, पण मी म्हटलं, म्हातारी माणसं, रहदारी आहे.

मी गिअर टाकून क्लच सोडला आणि इंजिन बंद पाडलं, मग बॅटरीची तार सोडली, स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं. लॉक अर्ध्यावर फिरवलं की बारीक भोकातली पिन दाबता येते आणि आतलं बॅरल बाहेर येतं. पण ते अर्ध्यावर फिरायलाच तयार नव्हतं. मी चावी केसभर मागे ओढली, जरा वर उचलली, शिव्या दिल्या, मग फिरलं. बाहेर काढलं तर आतून काळा चिखल निघाला, तेलाचा आणि पितळेच्या चुऱ्याचा. नवं लॉक घेऊन बाकावर बसले आणि म्हटलं, गाडी मास्तरांची, शब्दही मास्तरांचा. जुनी चावी तर जुनी. तेवढ्यात काकू आल्या.

“पिशवी राहिली का गं माझी?”

पिशवी त्यांच्या खांद्यावरच होती. मी तिच्याकडे बघितलं, त्यांनीही बघितलं.

“ऐक,” त्या पुढे झुकून म्हणाल्या. “जुनीच चावी लागू दे.”

“अहो, पण मघाशी तुम्हीच...”

“मघाशी ते होते ना! मी जुनी म्हटलं असतं तर ते नवी म्हणाले असते. लग्न झाल्यापासून हे असंच आहे. काही करून घ्यायचं असलं की आधी नको म्हणायचं.”

“मग आता त्यांना तेच हवंय आणि तुम्हालाही तेच हवंय. भांडण कसलं?”

“तू लग्न केलं नाहीस, तुला नाही कळायचं,” काकू म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. स्टुलावर बसल्या. “हल्ली गाडी काढायला टाळतात गं. कुठं जायचं म्हटलं की बसने जाऊ म्हणतात. मी मागे लागते तेव्हा निघतात. शिकवणी बंद केली ना, तेव्हा कितीतरी दिवस घरात नुसते खुर्चीत बसून असायचे. रंगाकडे बघत. भिंतीच्या रंगाकडे! आता गाडीही सुटली तर हा माणूस खुर्चीत बसेल तो बसेलच. नवी चावी दिलीस की त्यांना निमित्त मिळेल. म्हणतील, ही मला जमत नाही. ओळखीची चावी हातात असली म्हणजे हात आपण होऊन चालतो. मला भीती वाटते गं त्या खुर्चीची.”

काकूंना मी आजवर असं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, “लावते जुनी. काळजी करू नका.”

“आणि परत येऊ तेव्हा मी तुझ्यावर ओरडेन हं. मनाला लावून घेऊ नकोस,” असं सांगून त्या गेल्या.

मला बरं वाटलं. दोघांचं एकमत झालं, फक्त एकमेकांना कळू द्यायचं नव्हतं एवढंच. मी जुनी चावी नव्या बॅरलमध्ये घातली आणि एकेक पट्टी बसवायला घेतली. कुठली वर उभी राहते, कुठली आत बुडते, ते बोटानं चाचपायचं, नको ती काढायची, दुसऱ्या मापाची घालायची, खाली केसाएवढी स्प्रिंग. एक स्प्रिंग उडाली की अर्धा दिवस जमिनीवर रांगायचं. माझ्या बहुतेक पट्ट्या लागल्या होत्या आणि मी श्वास रोखून शेवटच्या दोन बघत होते, तेव्हा दारात सावली पडली.

मास्तर होते. शटरच्या कडेवरून तळहात फिरवत आत आले. “घाई, आहेस का?”

मी त्यांच्या पुढ्यात दोन हातांवर बसले होते. मला वाटलं, चेष्टा करतायत. “नाही, बाहेर गेलीय,” मी म्हटलं.

ते दचकले. मग हसले, पण उशिरा हसले. काकूंना त्यांनी बागेतच बसवून ठेवलं होतं, मी पाणी पिऊन येतो म्हणून. पाणी मागितलं नाही. बाकाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “जुनी चावी लागता कामा नये.”

माझ्या हातातून स्प्रिंग उडाली.

“मास्तर!” मी ओरडलेच. “तुम्ही दोघांनी मिळून माझी फिरकी घ्यायचं ठरवलंय का? मघाशी तुम्ही म्हणालात हीच लागली पाहिजे. चावी आपटलीत. काकू नवी म्हणाल्या. मग काकू म्हणाल्या...” इथे मी जीभ चावली. “ते राहू दे. काय म्हणाल्या ते मलाच आठवत नाही. तुम्ही नक्की सांगा एकदा.”

“तिच्यासमोर मी हवी म्हणणार. मग तू म्हणायचंस, प्रयत्न केला, पण बसली नाही. मी तुझ्यावर चिडेन. तू ऐकून घे. लॉकनंच नाही म्हटलं तर मग कुणाचा इलाज नाही, आणि मी गाडी चालवायची सोडेन.”

“का पण?”

ते बाकावरून पुढे वाकले. मग म्हणाले, “माझ्याकडे बघ. बघतेयस? मला तुझे दोन्ही कान दिसतात. मधे काही नाही.”

मी वेड्यासारखं स्वतःच्या नाकाला हात लावला.

“जिथे बघावं तिथे मधोमध डाग,” मास्तर म्हणाले. “कडेचं दिसतं. दार दिसतं, भिंत दिसते, रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतात. समोरचं तेवढं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, बरं होण्यातलं नाही. मी घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं तुम्ही गाडी चालवताय?”

“ती बोलते ना,” मास्तर म्हणाले.

मला आधी कळेना. मग कळलं, आणि कळल्यावर मी हातातलं बॅरल खाली ठेवलं. खांब आहे. कुत्रं झोपलंय. सिग्नल लाल झालाय. काकूंच्या ज्या बोलण्याला आम्ही सगळे हसायचो, त्यावर हा माणूस भर रस्त्यात गाडी हाकत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मला पहिल्या दिवशी यांनी सांगितलं होतं की ज्याला आरसा बघायचा कंटाळा आहे त्यानं घरी बसावं. मी ते सगळं त्यांना ऐकवलं. इतकं मोठ्यांदा की शिंप्याचं मशीन पुन्हा थांबलं. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. त्यानं मला आणखीच राग आला, आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकाच वेळी. कशाला आधी वाट करून द्यावी ते समजेना.

“मागच्या महिन्यात ती रुसली होती,” ते म्हणाले. “पडद्यांच्या रंगावरून. गाडीत बसली ती खिडकीकडे तोंड करून. एक शब्द नाही. मी म्हटलं, ओळखीचा रस्ता आहे, जाईन. मोठ्या चौकाच्या वळणावर कुणीतरी टपावर जोरात थाप मारली. मी ब्रेक दाबला. बाहेर ओरडाआरडा झाला, मग ते माणूस निघून गेलं असावं. मी तिला विचारलं, कोण होतं? ती रुसलेली. बोलली नाही. दुसऱ्यांदा विचारता येईना. कसं विचारणार? काय होतं ते मला अजून माहीत नाही, घाई. म्हातारा होता, पोर होतं, की काय होतं. रात्री पडलं की ती थाप ऐकू येते.”

“मग सांगून टाका ना काकूंना.”

“तिला कळलं की दोन वर्षं तिला मी असं फिरवलं, तर ती पुन्हा माझ्या शेजारी बसणार नाही. गाडीत नव्हे, कुठंच. आणि ती जर म्हणाली, चालवा, मी सांगते, तर? ती म्हणेल. मला माहीत आहे ती. मग मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून लॉकनं म्हणू दे.”

मी डोकं धरून बसले. मग एकदम एक गोष्ट ध्यानात आली.

“मास्तर, जुनी चावी लागली नाही तरी नवी असेलच ना? काकू ती तुमच्या हातात देतील.”

मास्तरांनी चाचपत स्टूल ओढलं आणि बसले.

“हो की,” ते म्हणाले. “हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

एवढा मोठा कट, आणि त्याला हे एवढं भगदाड. मला हसू आलं असतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. “नवी तू ठेवून घे,” ते म्हणाले. “सांग, उद्या देते. उद्याचं उद्या बघू.” आणि शटर चाचपत गेले. रस्ता ओलांडताना मी दारात उभी राहून बघत होते. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबेपर्यंत ते कडेला थांबले, मग कुणीतरी ओलांडायला लागलं त्याच्या मागोमाग निघाले. मी श्वास सोडला.

मग बसले त्या बॅरलसमोर. त्यात पट्ट्या होत्या जुन्या चावीच्या, म्हणजे काकूंच्या खासगी मनाच्या आणि मास्तरांच्या जाहीर मनाच्या. त्या काढल्या तर मास्तरांचं खासगी मन आणि काकूंचं जाहीर मन. कुणाचा शब्द मोडत होते आणि कुणाचा पाळत होते, याचा हिशोब मी दोनदा मांडला, दोन्ही वेळा वेगळा आला. एक मात्र कळत होतं. चौकात कुणीतरी टपावर थाप मारली होती, आणि पुढच्या वेळी त्याला थाप मारायला सवड मिळेलच असं नव्हतं. काकूंना दिलेला शब्द मी त्या बाकावरच मोडला. सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या. मापांच्या तक्त्यात बघून कोरी चावी कापली, लॉक तिच्याप्रमाणे लावलं, गाडीत बसवलं. नवी चावी घातली, गाडी बोट लावताच सुरू झाली. बंद केली. जुनी घातली. ती आत गेली, पण हलेना. चांगलं काम झालं होतं आणि मला त्याचा जराही आनंद होत नव्हता. नवी चावी मी बाकाच्या खणात टाकली. दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात, म्हटलं, एकदा मी बोलले तर काय बिघडलं.

हाक मारली. दोघं आली. मास्तर चालकाच्या सीटवर बसले, मी त्यांच्या हातात जुनी चावी दिली. त्यांनी ती न बघता बरोबर आत घातली आणि फिरवली. फिरली नाही. पुन्हा फिरवली. मग त्यांनी ठरल्याप्रमाणे चिडायला सुरुवात केली. इतकं वाईट नाटक मी आयुष्यात पाहिलं नाही. “हे काय केलंस घाई? काय सांगितलं होतं तुला? हीच लागली पाहिजे म्हणालो होतो ना?” आणि हे सगळं माझ्या खांद्यापलीकडच्या शटरला.

“बसली नाही मास्तर. खूप प्रयत्न केला,” मी पढवल्यासारखी म्हणाले.

“बरं झालं!” काकू ठरल्याप्रमाणे ओरडल्या. “मी सांगितलंच होतं!” आणि ओरडता ओरडता त्यांनी माझा दंड असा चिमटला की डोळ्यांत पाणी आलं. तोंडानं शाबासकी आणि चिमट्यात विचारणा. मी कुणाकडेच बघेना.

“झालं तर मग,” मास्तर गाडीतून उतरत म्हणाले. आवाज मोकळा झाला होता. “गाडी राहू दे इथेच. बसने जाऊ.”

काकू थबकल्या. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “नवी चावी कुठाय?” त्यांनी मला विचारलं.

“उद्या देते,” मी म्हणाले, आणि माझी नजर गेली खणाकडे. मला खोटं बोलायची सवय नाही, ऐकायची आहे. काकू दुकानात शिरल्या आणि त्यांनी खण ओढला. आत एकच चमकती चावी होती. त्यांनी ती उचलली आणि मास्तरांच्या हातात ठेवून त्यांची बोटं मिटवली.

“घ्या. नवी तर नवी,” काकू म्हणाल्या, आणि आता त्या नाटक करत नव्हत्या. “दोन दिवसांत हाताला कळेल. मी आहे ना शेजारी. चला, बसा.”

मास्तर हलले नाहीत. गाडीचं दार उघडं, हातात चावी. मला वाटलं, बसतात की काय. बसले असते तर मी गाडीच्या पुढे आडवी पडले असते, हे खरंच माझ्या मनात आलं.

“त्या दिवशी,” मास्तर म्हणाले, “चौकाच्या वळणावर. टपावर थाप कुणी मारली गं?”

“कधी?”

“पडद्यांवरून रुसली होतीस तेव्हा.”

“असं काय विचारता? तुम्ही बघितलंत की. थांबलात की.”

“थाप ऐकून थांबलो.”

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. त्या त्यांच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांत बघायला लागल्या, एकात, मग दुसऱ्यात. मास्तर त्यांच्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होते.

“बाई होती,” काकू हळूच म्हणाल्या. “कडेवर लेकरू होतं. मला वाटलं, माझ्यावरच्या रागानं तुम्ही तशी गाडी घातलीत. म्हणून मी बोलले नाही.”

“कुणाला लागलं?”

“नाही.”

मास्तर गाडीला टेकले. मग त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच, फक्त थोडक्यात. डाग, डॉक्टर, दोन वर्षं. काकू मधे एकदाही बोलल्या नाहीत. शिंपी दारात आला होता, तो परत आत गेला. मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. मी असते तर ती चावी फेकून मारली असती.

“म्हणजे गाडीत मी बोलायला लागले की तुम्ही पूर्वी खेकसायचात,” काकू म्हणाल्या. “गप्प बस, मला कळतं, म्हणायचात. सगळ्यांसमोर. आणि मग दोन वर्षांपूर्वी एकदम बंद झालात. एका शब्दानं बोलत नव्हतात. ऐकून घ्यायचात सगळं.”

“हो.”

“ते ह्यासाठी.”

“हो.”

“मला वाटलं,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला, “मला वाटलं, तुम्हाला माझं बोलणं आवडायला लागलं.”

मी तर दुकानात शिरून, खाली बघून मघाशी उडालेली स्प्रिंग शोधायला लागले. स्प्रिंग दिसेना, काहीच दिसेना, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. राग होता, रडू होतं, आणि यात चूक नेमकी कुणाची, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

शेवटी काकूंनीच मास्तरांच्या मुठीतून चावी काढून माझ्या हातात दिली. “तू सोड आम्हाला घरी,” एवढंच म्हणाल्या, आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. नेहमी पुढे बसणारी बाई मागे. मास्तर चाचपत फिरून शेजारच्या सीटवर बसले, जिथे ते शिकवायला बसायचे तिथे. मी शटर ओढलं, गाडी सुरू केली. घाईत क्लच सोडला आणि गाडीनं उडी मारली. मास्तरांनी सवयीनं उजवा पाय दाबला, पण तिथे आता ब्रेक नव्हता.

गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. गाडीत कुणी बोलत नव्हतं. त्या गाडीत मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. मी आरशात बघितलं. काकू मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या, नाक लाल. सिग्नलला थांबलो, निघालो. मास्तर मान इकडून तिकडे फिरवत होते.

“कुठे आलो?” त्यांनी विचारलं.

मी सांगणार होते, पण त्यांनी मला विचारलं नव्हतं. मागून काही आवाज आला नाही.

“बोल ना गं,” मास्तर म्हणाले.

“आता कशाला?” काकू म्हणाल्या. “गाडी ही चालवतेय. हिला दिसतंय.”

“हिला दिसतंय,” मास्तर म्हणाले. “मला बघायचंय.”

मी मुद्दाम गाडी हळू घेतली, मागचा एकजण हॉर्न वाजवून वाजवून थकला. मग काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि थोड्या पुढे सरकून मास्तरांच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

“डावीकडे,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “त्या कोपऱ्यावरच्या घराला रंग देतायत. हिरवा. अजिबात शोभत नाही.”